साइटवर माल हलवायला कोणतं मशीन : रफ टेरेन फोर्कलिफ्ट की टेलिहँडलर?

बांधकाम साइटवर माल हलवायच्या मशीनची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली, की बहुतेक जण सुरुवात टनापासून करतात. भाड्याने देणाराही फोनवर तेच विचारतो, "किती टनाचं पाठवू, साहेब?" तुम्ही एक आकडा सांगता, दुसऱ्या दिवशी ट्रेलरवरून मशीन उतरतं आणि मग एकेक गोष्ट कळत जाते. टन भरपूर आहेत, पण फोर्क (माल उचलायचे पुढचे दोन लोखंडी दात) स्लॅबपर्यंत पोचत नाहीत. किंवा पोचतात, पण तिथे भार पेलत नाहीत. किंवा गेटपासून ब्लॉकच्या थप्पीपर्यंत जाईतोच चाकं रुतली.

टन हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी हे ठरवा की माल खाली कुठे टेकवायचा आहे: किती उंचीवर, आणि मशीनच्या पुढच्या चाकांपासून किती लांब. ही जागा ठरली की मशीन जवळजवळ आपोआप ठरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

हा लेख नव्या साइट इंजिनिअरांसाठी, स्टोअर सांभाळणाऱ्यांसाठी आणि स्वतः मशीन भाड्याने घेणाऱ्या छोट्या काँट्रॅक्टरांसाठी आहे. डोळ्यांसमोर पुणे-नाशिकच्या कडेला उभ्या राहणाऱ्या चार-पाच मजली इमारती, शाळा, गोदामं आणि कोकणातल्या उतारावरचे प्रकल्प आहेत. जिथे टॉवर क्रेन उभी आहे, तिथलं गणित वेगळं असतं.

१. दोन्ही मशीनं काम कशी करतात ते आधी समजून घ्या

रफ टेरेन फोर्कलिफ्ट म्हणजे मोठ्या, खोल नक्षीच्या टायरची, जमिनीपासून उंच असलेली डिझेल फोर्कलिफ्ट. पुढे उभा मास्ट, म्हणजे लोखंडी खांबांची चौकट असते, त्यावर फोर्क सरळ वर-खाली होतात. १९५८ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो यांनी शेतीचा ट्रॅक्टर उलट्या दिशेने चालवायचा केला आणि त्याच्या मोठ्या चाकांच्या बाजूला मास्ट बसवला. मॅनिटू कंपनीची सुरुवात तिथून झाली. आजच्या मशीनमध्येही तो सांगाडा दिसतो: पुढची चाकं मोठी, भार त्यांच्या लगेच पुढे, आणि स्टिअरिंग मागच्या चाकांना. म्हणून वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते. शेजारी उभ्या माणसाला हे लक्षात राहत नाही, तुम्ही लक्षात ठेवा.

टेलिहँडलरला मास्ट नसतो. मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेला लांब बूम, म्हणजे हातासारखी तुळई असते, तो वर उचलला जातो आणि आतून एकेक टप्पा बाहेर सरकतो. म्हणजे फोर्क वर जातात तसे पुढेही जातात. जेसीबीने १९७७ मध्ये लोडऑल आणला, तो याच जातीचा. केबिन डावीकडे, बूम उजवीकडून. बहुतेक मॉडेलना चारही चाकांचं स्टिअरिंग आणि तिरकं सरकणारी खेकडा चाल मिळते, त्यामुळे एवढं लांब मशीन अरुंद जागेतही वळतं.

फरक एका वाक्यात: फोर्कलिफ्ट भार नेहमी अंगाजवळ ठेवते, टेलिहँडलर तो अंगापासून लांब नेऊ शकतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन कोसभर चालता येतं, तीच हात लांब करून दोन मिनिटं धरवत नाही. टेलिहँडलरची सगळी ताकद आणि सगळा धोका इथेच आहे.

२. फोन लावण्याआधी टेप घेऊन साइटवर फिरा

अर्धा दिवस द्या. सोबत ३० मीटरचा टेप, वही आणि मालाची चलनं. चार गोष्टी मोजायच्या.

पहिलं, सर्वांत जड उचल किती किलोची. अंदाजे नको, हिशेबाने. ६०० x २०० x २०० मिमीचा एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा) कोरडा साधारण १४-१५ किलोचा असतो, पण कारखान्यातून तो ओलसर येतो आणि पावसात भिजला तर आणखी जड होतो. मी हिशेबात १९ किलो धरतो. ७२ ब्लॉकची पॅलेट म्हणजे जवळपास १,३७० किलो, लाकडी पॅलेट धरून १.४ टन. सिमेंटच्या ५० किलोच्या ४० गोण्या म्हणजे २ टन. सळईचं वजन तुम्हाला येतंच: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १६ मिमीची १२ मीटरची सळई १९ किलोच्या आसपास, पण १०० सळयांचा भारा जवळपास १.९ टन. ब्लॉक किंवा टाइल्सचं वजन पुरवठादाराच्या ब्रोशरवरून घेऊ नका. गाडीच्या वजनकाट्याची पावती मागा आणि नगांनी भागा.

दुसरं, किती उंचीवर ठेवायचा. जोतं ०.६ मीटर आणि मजला ३ मीटर धरला तर पहिल्या मजल्याचा स्लॅब जमिनीपासून ३.६ मीटरवर, दुसऱ्याचा ६.६ वर आणि तिसऱ्याचा ९.६ वर येतो. त्यात किमान अर्धा मीटर मिळवा, कारण पॅलेट स्लॅबच्या कडेला घासत आत ढकलायची नसते, वरून अलगद टेकवायची असते.

तिसरं मोजमाप लोक विसरतात आणि तेच निर्णायक असतं: मशीनची पुढची चाकं इमारतीपासून किती लांब राहणार? परांची आहे का? पायाच्या खड्ड्यात नुकतं केलेलं बॅकफिलिंग, म्हणजे परत भरलेली माती आहे का? ते दाबलेलं नसेल तर त्यावर चाक नेऊ नका. उघडा खड्डा असेल तर त्याच्या खोलीइतकं तरी अंतर सोडा, माती भुसभुशीत असेल तर त्याहून जास्त. मग स्लॅबच्या कडेपासून आत पॅलेट पूर्ण टेकायला लागणारी जागा धरा. समजा चाकं कडेपासून ३ मीटर लांब आहेत आणि पॅलेटचा मध्य कडेपासून १.२ मीटर आत हवा आहे. म्हणजे तुम्हाला ४.२ मीटर आडवी पोच लागेल. हा आकडा वहीत गोल करून ठेवा.

चौथं, वाट. गेटची रुंदी, वळणं, उतार, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि जमिनीखालच्या टाक्या. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर यांच्यावरून मशीन जाणार असेल तर त्यांचे स्लॅब त्या वजनासाठी आहेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तीन टन उचलणारा टेलिहँडलर स्वतः रिकामा सात-आठ टनांच्या घरात असतो.

हे करताना मालाच्या पुरवठादारालाही एक फोन करा: माल पॅलेटवर, पट्ट्या बांधून येणार आहे का? आपल्याकडे बरेच ब्लॉक आणि जवळपास सगळं सिमेंट ट्रकमध्ये सुटं रचून येतं. सुटा माल असेल तर दोन्ही मशीनं हात बांधून उभी राहतील आणि भाडं चालूच राहील. पॅलेटचे वेगळे पैसे पडतात, काही ठिकाणी पॅलेट परत करावी लागते, ते आधीच ठरवा. तुमच्याकडे उतराई माथाडी कामगार करत असतील तर मशीन आणण्याआधी टोळीच्या मुकादमाशी आणि माथाडी मंडळाशी बोलून घ्या. महाराष्ट्रात १९६९ पासून त्यांचा कायदा आहे, आणि गेटवर ट्रक अडल्यावर ही चर्चा सुरू करणं कुणाच्याच हिताचं नसतं.

३. लोड चार्ट वाचायला शिका

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

फोर्कलिफ्टपासून सुरुवात करू, ती सोपी आहे. तिच्या प्लेटवर लिहिलेलं असतं: ३,००० किलो, लोड सेंटर ५०० मिमी. याचा अर्थ, भाराचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिमीवर असेल तरच ३ टन. भार लांबट असला, त्याचा मध्य पुढे गेला, की क्षमता घटते. ढोबळ हिशेब घरी करता येतो. पुढच्या अॅक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत ५०० मिमी अंतर आहे असं धरा. भाराचा मध्य ७५० मिमीवर गेला तर ३,००० x (५००+५००) ÷ (५००+७५०), म्हणजे २,४०० किलो. सहाशे किलो गेले, आणि मशीन तेच आहे. हा फक्त अंदाज, खरा आकडा त्या मशीनच्या प्लेटचा. म्हणून ८ बाय ४ फुटांची प्लाय लांब बाजूने उचलायची: मध्य ६१० मिमीवर राहतो. आखूड बाजूने घातली तर तो १,२२० मिमीवर जातो. मास्ट उंच असेल किंवा साइड शिफ्टसारखं (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारं) काही जोडलेलं असेल तर प्लेटवर त्याचा वेगळा, कमी आकडा असतो.

टेलिहँडलरचा चार्ट म्हणजे आलेख. उभ्या रेषेवर उंची, आडव्या रेषेवर पोच, आणि मधे कमानीसारखे पट्टे. प्रत्येक पट्ट्यात एक वजन. वाचायची पद्धत अशी:

तुमची उंची उभ्या रेषेवर शोधा. तुमची पोच आडव्या रेषेवर शोधा. दोन्हींचा छेद कोणत्या पट्ट्यात पडतो ते बघा. त्या पट्ट्यातलं वजन ही तुमची मर्यादा. छेद दोन पट्ट्यांच्या सीमेवर पडला तर कमी वजनाचा पट्टा धरायचा, वाद घालायचा नाही. पोच कुठून मोजली आहे ते चार्टवरच्या चित्रात दाखवलेलं असतं, बहुतेक पुढच्या टायरच्या पुढच्या कडेपासून. तुम्ही साइटवर तिथूनच मोजलंय ना, हे तपासा.

आता आपलं उदाहरण घ्या. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ९.६ मीटर, वर अर्धा मीटर, म्हणजे १०.१ मीटर उंची. पोच ४.२ मीटर. वजन १.४ टन. साडेतीन टन आणि साडेबारा मीटर म्हणून विकलं जाणारं मशीन समोर आहे. साडेतीन टन हा आकडा बूम आत असताना, भार चाकांजवळ असतानाचा. बूम आडवा करून पूर्ण बाहेर काढला तर त्याच मशीनची क्षमता एक टनाच्या खालीही येऊ शकते. तुमचा बिंदू या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि नेमका कुठे ते फक्त त्या मॉडेलचा चार्ट सांगेल. १.४ टनांना तो पट्टा पुरला तर ठीक. नाही पुरला तर पॅलेटवर ७२ ऐवजी ४८ ब्लॉक ठेवता येतील का ते बघा. पुष्कळदा मोठ्या मशीनपेक्षा हलकी पॅलेट स्वस्त पडते.

मॉडेलच्या नावावर भिस्त ठेवू नका. जेसीबीच्या ५३०-७० मध्ये ३० म्हणजे ३ टन आणि ७० म्हणजे सुमारे ७ मीटर. उपयोगी खूण आहे, पण आडव्या पोचेबद्दल नाव अवाक्षर सांगत नाही, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच असते.

चार्ट एकापेक्षा जास्त असतात. साधारण दहा मीटरच्या वरच्या मशीनना पुढे आउटरिगर, म्हणजे जमिनीवर टेकवायचे आधाराचे पाय येतात: टायरवर उभं असतानाचा चार्ट वेगळा, आउटरिगर टेकवल्यावरचा वेगळा. फोर्कचा वेगळा, हुक-जिबचा (भार टांगायच्या जोड-दांड्याचा) वेगळा, बकेटचा वेगळा. भाडेकरार करताना तुमच्या अटॅचमेंटचा चार्ट मागवा. "सगळं उचलतं हो" हे उत्तर चार्टच्या जागी घेऊ नका.

आणखी एक. केबिनमध्ये हिरवे-पिवळे-लाल दिवे दाखवणारा लोड इंडिकेटर असतो. तो मशीन पुढच्या बाजूला कलंडतंय का एवढंच बघतो. बाजूला कलंडण्याची सूचना तो देत नाही. उतारावर आडवं उभं राहून बूम वर केला तर दिवा हिरवा असतानाच मशीन पडू शकतं. म्हणून बूम वर नेण्याआधी केबिनमधल्या लेव्हलचा बुडबुडा मधे आणायचा. चॅसिस सपाट करायची सोय असेल तर ती बूम खाली असतानाच वापरायची, भार वर गेल्यावर तिला हात लावायचा नाही.

४. जमीन बघा, विशेषतः जूनच्या आधी

काळ्या मातीच्या साइटवर मे महिन्यात जी वाट दगडासारखी टणक असते, ती पहिल्या दोन पावसांनंतर कोणत्याही चार-चाकी ओढीच्या मशीनला गिळते. रफ टेरेन हे नाव खडबडीत जमिनीबद्दल आहे, चिखलाबद्दल नाही. मशीन दोन-तीन महिने राहणार असेल आणि मधे पावसाळा येणार असेल, तर गेट ते थप्पी आणि थप्पी ते इमारत एवढ्या वाटेवर मुरूम टाकून रोलर फिरवण्याचा खर्च मशीनच्या बजेटातच धरा. दोन्ही मशीनसाठी धरा, पण टेलिहँडलरसाठी तो टाळता येत नाही, कारण त्याला नुसतं चालायचं नसतं, उभं राहून उंच उचलायचं असतं. उभं राहायच्या जागी जमीन एका चाकाखाली पाच सेंटिमीटर दबली, तर दहा मीटर वर भार त्याच्या कितीतरी पट सरकतो.

आउटरिगरच्या पायांखाली जाड लाकडी ओंडके किंवा स्टीलच्या प्लेट हव्यात. भाड्याच्या मशीनबरोबर त्या क्वचितच येतात. स्वतः तयार ठेवा.

कोकणात जांभ्याची जमीन टणक असते, तिथे प्रश्न उताराचा. भार घेऊन चढताना आणि उतरताना भार नेहमी चढाच्या बाजूला: वर जाताना पुढे तोंड, खाली येताना रिव्हर्स. उतारावर आडवं वळायचं नाही. फोर्क जमिनीपासून फूटभर वर, बूम पूर्ण आत.

तारांबद्दल मी तडजोड करत नाही. बूम पूर्ण बाहेर काढल्यावर त्याचं टोक तारेपासून ६ मीटरच्या आत येऊ शकत असेल, तर महावितरणला अर्ज करून लाइन बंद किंवा स्थलांतरित करून घेतो, नाहीतर तिथे टेलिहँडलर वापरत नाही.

५. आता निवडा

रफ टेरेन फोर्कलिफ्ट घ्या, जर काम मुख्यतः जमिनीवरचं असेल: ट्रकमधून उतरवणं, थप्पी लावणं, थप्पीपासून हॉइस्टपर्यंत (माल वर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत) नेणं. पेव्हर ब्लॉक, प्रीकास्टचं यार्ड, गोदामाचं काम, मोठा पसरट प्लॉट. ती आखूड असते, चारही बाजूंचं दिसतं, फेऱ्या पटापट होतात, देखभाल सोपी आणि भाडं सहसा कमी. गोदामात फोर्कलिफ्ट चालवलेला ऑपरेटर तिच्यावर लवकर रुळतो.

पण "मास्ट साडेचार मीटर जातो, म्हणजे पहिल्या मजल्यावर माल चढेल" हा हिशेब फसतो. फोर्क सव्वा मीटरच्या आसपास लांब असतात आणि ते पुढे सरकत नाहीत. माल स्लॅबवर ठेवायचा तर चाकं इमारतीला भिडवावी लागतील. मधे परांची आहे, बॅकफिलिंग आहे, जोत्याची कड आहे. म्हणजे उंची असूनही ती फुकट.

टेलिहँडलर घ्या, जर माल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, खड्ड्याच्या पलीकडे, परांचीवरून किंवा खिडकीच्या मोकळ्या जागेतून आत द्यायचा असेल, आणि एकाच मशीनने फोर्क, बकेट, हुक अशी तीन कामं करून घ्यायची असतील. छोट्या साइटवर हा शेवटचा मुद्दा मोठा ठरतो: सकाळी ब्लॉक, दुपारी वाळू, संध्याकाळी पत्र्याची फ्रेम. मात्र प्रत्येक अटॅचमेंटचं भाडं विचारा आणि ती लावायला-काढायला ऑपरेटर खरंच तयार आहे का तेही.

दोन्ही घेऊ नका, असेही प्रसंग असतात. १२ मीटरची सळई फोर्कवर आडवी घेऊन साइटच्या वाटेवरून नेणं म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर लोखंड झुलवत चालणं. त्याला दोन ठिकाणी स्लिंग (उचलायचे पट्टे), टॅग लाइन (भार झुलू नये म्हणून धरायचा दोर) आणि योग्य क्रेन हवी. पाचव्या मजल्याच्या वर रोजचा माल न्यायचा असेल तर हॉइस्टच बरा. आणि बॅकहोच्या (खोदाईच्या मशीनच्या) बकेटला साखळी अडकवून पॅलेट उचलणं हे "आत्तापुरतं" म्हणून सुरू होतं आणि साइटची सवय बनतं. पहिल्या दिवशीच थांबवा. त्या साखळीखाली तुमचाच माणूस उभा असतो.

६. माल ज्या स्लॅबवर ठेवणार तो पेलेल का?

हे वेगळं लिहितोय, कारण मशीन निवडताना कुणी विचारत नाही. घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ भाग २ नुसार वापराचा भार २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. आपली १.४ टनांची पॅलेट १.२ x १.२ मीटर जागेवर बसते, म्हणजे तिच्याखाली चौरस मीटरला जवळपास ९७० किलो. स्लॅब कोवळा असेल, खालचे टेकू काढलेले असतील, आणि टेलिहँडलर एकाच जागी एकामागे एक पॅलेट टेकवत असेल, तर काय होऊ शकतं ते तुम्हीच ओळखा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या: कोणत्या जागी, एका वेळी किती पॅलेट, खाली टेकू कुठे. बीम-कॉलमजवळच्या जागा रंगाने आखा. एक पॅलेट आली की ती पांगेपर्यंत दुसरी नाही.

७. भाड्याची बोलणी आणि कागदपत्रं

फोनवर नुसतं "फोर्कलिफ्ट पाठवा" म्हणालात तर गोदामातलं, बारीक भरीव चाकांचं मशीन येतं. मॉडेल, टायरचा प्रकार, कमाल उंची आणि तुमच्या बिंदूवरची क्षमता, सगळं वर्क ऑर्डरमध्ये लिहा. "१०.१ मीटर उंचीवर, ४.२ मीटर पोचेवर, १,४०० किलो" असं वाक्य ऑर्डरमध्ये असलं, की चुकीचं मशीन गेटवरूनच परत पाठवता येतं.

भाडं बहुधा महिन्याचं, २६ दिवस गुणिले १० तास, म्हणजे २६० तासांचं ठरतं. डिझेल कुणाचं, ऑपरेटरची राहण्या-जेवण्याची सोय कुणाची, ट्रेलरचं जाण्या-येण्याचं भाडं कुणाचं, जादा तासांचा दर काय, जीएसटी धरून की वेगळा, ब्रेकडाउनचे तास वजा होणार का आणि किती तासांत दुरुस्ती किंवा बदली मशीन. शेवटची अट लेखी नसेल तर मशीन आठवडाभर बंद राहूनही बिल पूर्ण येतं. दर तुलना करताना महिन्याच्या दराने करू नका. सगळा खर्च एकत्र करून, योग्य जागी टेकलेल्या एका पॅलेटमागे किती पडतं ते काढा. मजुरांनी पुन्हा उचलून न्यावं लागत असेल तर ती मजुरीही त्यात धरा. पुष्कळदा इथेच महाग वाटणारा टेलिहँडलर स्वस्त निघतो, आणि तितक्याच वेळा उगाच मागवलेला टेलिहँडलर उघडा पडतो.

मशीन गेटमधून आत येण्याआधी हे हातात हवं:

– सक्षम व्यक्तीने दिलेला तपासणी दाखला, बारा महिन्यांच्या आतला, त्यावरचा सीरियल नंबर मशीनच्या प्लेटशी जुळणारा
– त्या मॉडेलचा आणि त्या अटॅचमेंटचा लोड चार्ट, केबिनमध्ये लावलेला
– विमा, रस्त्यावर चालणार असेल तर आरटीओ नोंदणी आणि पीयूसी
– देखभालीची नोंदवही
– हुक, जिब, स्लिंग, शॅकल यांचे वेगळे दाखले
– ऑपरेटरचा परवाना, याच प्रकारच्या मशीनचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, डोळ्यांची तपासणी

दाखल्याची झेरॉक्स बघून मान डोलावू नका. नंबर स्वतः जाऊन जुळवा. दुसऱ्याच मशीनचा दाखला जोडून येणं ही साइटवरची नेहमीची गोष्ट आहे.

८. मशीन आलं, पहिली सकाळ

काम सुरू करण्याआधी तासभर घ्या, मुकादम कितीही घाई करो.

फोर्कची टाच, म्हणजे उभा आणि आडवा भाग मिळतो तो कोपरा, कॅलिपरने मोजा. न झिजलेल्या उभ्या भागाच्या तुलनेत टाच दहा टक्के झिजली असेल तर फोर्क बाद. ४० मिमीचा फोर्क ३६ वर आला की बदलायला लावा. एवढ्या झिजेने ताकद सुमारे वीस टक्के कमी होते, हे दिसायला मात्र काहीच दिसत नाही. फोर्कची लॉक पिन जागेवर हवी.

टायरचा दाब चारही चाकांत मॅन्युअलप्रमाणे. एका बाजूला दाब कमी असेल तर मशीन सपाट जमिनीवरही तिरकं उभं राहतं.

ओळखीचा भार घ्या, फूटभर उचला, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. भार खाली सरकत असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. होज, बूमच्या साखळ्या, आतले घर्षण-पॅड, रिव्हर्सचा हॉर्न, सीट बेल्ट. लोड इंडिकेटरची चाचणी ऑपरेटरला तुमच्यासमोर करायला सांगा. त्याला ती करता आली नाही, तर मशीनबद्दल नाही तरी ऑपरेटरबद्दल तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

ऑपरेटरकडे चार्ट द्या आणि तुमचा बिंदू दाखवायला सांगा. दुबई-मस्कतच्या साइटवर काम केलेले आपले अनेक ऑपरेटर हे झटक्यात करतात, तिथे कार्डाशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत. नवा मुलगा अडखळला तर त्याला घालवून देऊ नका, शेजारी बसून शिकवा. पण तो शिकेपर्यंत उंचावर भार नको.

९. रोजच्या कामात

एक सिग्नलमन नेमा, एकच, आणि त्याला वेगळ्या रंगाचं जॅकेट द्या. टेलिहँडलरचा बूम खाली असतो तेव्हा ऑपरेटरला उजवीकडचं जवळजवळ काही दिसत नाही. सिग्नलमन त्या बाजूला, पण चाकांच्या वाटेबाहेर. वर स्लॅबवर माल घेणारा माणूस रेलिंग काढून कडेला उभा राहतो, त्याला सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला पक्की जागा हवी. पॅलेट पूर्ण टेकून फोर्क बाहेर निघेपर्यंत त्याने जवळ यायचं नाही.

फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस उभा करून वर पाठवायचा नाही. पाच मिनिटांच्या कामासाठीही नाही. माणसांसाठी उत्पादकाने मान्य केलेली बास्केट असते, तिची लॉकिंग आणि कंट्रोल वेगळी असतात. ती नसेल तर शिडी किंवा परांची वापरा.

बूम बाहेर असताना मशीन चालवायचं नाही. भार टेकवला, बूम आत, बूम खाली, मग चाकं हलवायची. ऑपरेटर हे टाळतात कारण प्रत्येक फेरीत अर्धा मिनिट जातो. तो अर्धा मिनिट तुम्ही मोबदल्यात धरलाय, हे त्यांना स्पष्ट सांगा. फेऱ्यांवर बक्षीस लावू नका.

वारा सुटला तर प्लाय, पत्रे आणि इन्शुलेशनच्या गठ्ठ्यांचं काम थांबवा. ब्लॉक चालतील, पण किती वाऱ्यात थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तो आकडा केबिनमध्ये चिकटवा.

१०. मशीन परत पाठवताना

काम संपायच्या आठवडाभर आधी लेखी नोटीस द्या. बहुतेक करारात ती अट असते आणि विसरलात तर पुढचा महिना सुरू होतो. तास-मीटरचा फोटो येताना आणि जाताना काढा, तारखेसह. रोजच्या लॉगशीटवर ऑपरेटर आणि तुमचा सुपरवायझर दोघांच्या सह्या हव्यात, ब्रेकडाउनचे तास त्याच दिवशी नोंदवलेले. ट्रेलरवर चढवण्याआधी मालकाच्या माणसासोबत मशीनभोवती एक फेरी मारा आणि टायर, काचा, आरसे, फोर्क यांची स्थिती दोघांनी लिहून सह्या करा. आणि ती मापांची वही फेकू नका. पुढच्या साइटवर मजल्याची उंची आणि ब्लॉकचं वजन बहुधा तेच असेल, बदलेल ती फक्त पोच.